किल्ली खिशात, कुलूप परघरी

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरी ज्या आयुधांची पूजा होते, त्यांत विळा आहे, कुऱ्हाड आहे, माझी लेखणी आहे आणि जवळजवळ दीड हात लांबीचे, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेले एक लोखंडी हँडल आहे. घरात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला हे काय आहे ते सांगावे लागते. एकीला ती विहिरीच्या रहाटाची मूठ वाटली होती. हे हँडल माझ्या मोठ्याबाबांचे. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास ते पेट्रोलवर चालणाऱ्या एका ट्रकवर क्लीनर होते. पुढे पांढरकवड्याला, नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, एका निंबाखाली त्यांनी मिस्त्रीकीचे दुकान थाटले. ट्रक गेला, दुकान गेले, मोठेबाबाही गेले, हँडल राहिले.

यंदा खंडेनवमीला माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. आयटीआयमधून 'मेकॅनिक डिझेल' होऊन आता त्याच सडकेवर गॅरेज चालवतो. हँडलला हळदकुंकू वाहिलेले पाहून तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं बरं हाय. मी पूजा कायची करू? दरसाली पाने पुजतो. पण आता गाडी पान्यानं खुलते कुठं?"

तो सहज बोलून गेला. मला मात्र ते वाक्य घेऊन बसावे लागले. दिवाळी अंकासाठी कथा लिहावयास घेतली होती. ती बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहे. फराळाच्या ताटाशी वाद घालू नये म्हणतात. पण घरात चार माणसे एकत्र बसतात ती याच दिवसांत, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात उभी राहते तीही याच दिवसांत. तेव्हा बोलावयाचे ते आताच बोललेले बरे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जुन्या ट्रकांवर हळवे होऊन लिहिणारांची एक जात आहे. त्यांना गोल नाकाचा ट्रक दिसला की गहिवर येतो; लाकडी केबिन, तिच्यावर रंगवलेली कमळे, मागे 'हॉर्न प्लीज', हे सारे आठवून ते "गेले ते दिवस" असा सुस्कारा टाकतात. हे सुस्कारे टाकणारे बहुधा त्या ट्रकात कधी बसलेले नसतात. मोठेबाबा बसले होते. त्यांचा उजवा हात मनगटाशी शेवटपर्यंत वाकडा होता, आणि तो वाकडा केला होता ह्याच पूजेतल्या हँडलने.

त्याचे असे होई. इंजिनाच्या तोंडाशी हँडल घालून ते जोराने फिरवावयाचे. इंजिन वेळेवर पेटले तर ठीक. पण ठिणगी क्षणभर आधी पडली तर इंजिन उलटा हिसका देई आणि हँडल हाणणाऱ्याच्याच हातावर येई. मोठेबाबा नव्या पोरांना पहिला धडा देत तो हाच: "अंगठा बोटांच्या रांगेत ठेव, बावा. मूठ आवयू नको. हँडल उलटं मारते." मनगटाजवळचे हाड मोडण्याच्या एका प्रकाराला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. ज्या धंद्याने वैद्यकाच्या पुस्तकात आपल्या नावाचे एक मोडलेले हाड ठेवले, त्या धंद्याच्या जुन्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही.

हे हँडल सुटले ते चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसामुळे. दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र विजेवर चालावे म्हणून त्याने एक लहान पण क्षणभर भरपूर जोर देणारी मोटर बनवली होती. तीच कल्पना त्याने गाडीला लावली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला. आपल्याकडे त्याला सगळे 'सेल्फ' म्हणतात. फोर्डच्या सुप्रसिद्ध 'टी' मॉडेलला सेल्फ मिळावयास १९१९ साल उजाडले. तरीही पुढे कितीतरी वर्षे किल्लीने नुसता विजेचा प्रवाह सुरू व्हावयाचा आणि सेल्फ मारावयास वेगळे बटण किंवा पायाखालची कळ दाबावी लागावयाची. किल्ली घालावी, फिरवावी आणि इंजिन सुरू व्हावे, ही आज आपल्याला जन्मसिद्ध वाटणारी सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली.

आता ती जुनी किल्ली म्हणजे होती तरी काय? मोठेबाबा आम्हां पोरांना समजावून सांगत ते अजून आठवते. किल्ली म्हणजे दिव्याचे बटण. बॅटरीची एक तार इकडून आली, कॉइलची तार तिकडे गेली, मध्ये दरी. किल्ली फिरवली की दरीवर पूल पडला. वीज कॉइलमध्ये गेली, तिथे तिचा दाब काही हजार व्होल्टपर्यंत चढला, डिस्ट्रिब्यूटरने ती एकेका प्लगला वाटून दिली, प्लगने ठिणगी टाकली, पेट्रोलची वाफ भडकली आणि गाडी चालली. सातवीतल्या पोराला समजेल एवढेच हे शास्त्र. किल्ली हरवली तर मिस्त्री खाली वाकून त्या दोन तारा जोडी आणि गाडी सुरू करी. ह्याला आमच्याकडे गाडी 'डायरेक्ट' करणे म्हणतात. चोरालाही हे येई, हा त्याचा दोष. पण आडरानात अडकलेल्या मालकालाही हे येई, हा त्याचा गुण.

डिझेलच्या ट्रकाची तर गंमत आणखी वेगळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि तीत डिझेलचा फवारा आला की पेट घेते. म्हणून जुन्या डिझेल ट्रकाची किल्ली सेल्फपुरतीच. एकदा इंजिन सुरू झाले की ते विजेवाचून चालत राही. बंद करावयाचे तर डिझेल तोडणारी तार ओढावी लागे. बॅटरी मेली तर चार माणसांनी धक्का द्यावा. माणसे नसतील तर रात्री ट्रक उतारावर उभा करून ठेवावा, सकाळी ब्रेक सोडला की काम झाले. थंडीत इंजिन कुरकुरले तर हवेच्या नळीशी पेटलेला बोळा धरणारे महाभागही मी पाहिले आहेत. कापसाच्या ट्रकाजवळ मात्र मोठेबाबा काडीसुद्धा ओढू देत नसत, आणि तो ट्रक 'डायरेक्ट'ही करीत नसत. एक ठिणगी आणि बारा महिन्यांचे पीक राख, हे त्यांना ठाऊक होते.

हे ट्रक आपल्या देशात घडू लागले ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईच्या कुर्ल्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. रेल्वेची इंजिने बांधणाऱ्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली. टाटाचा करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ साली तो संपला आणि ट्रकाच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला. पण मला ह्या इतिहासात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ट्रक त्या काळी बहुधा सांगाड्यानेच विकला जाई. नुसत्या चासीवर फळकुट टाकून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो मैल हाकीत आणी. केबिन बांधी गावचा सुतार, पत्रा ठोकी गावचा लोहार, रंग देई गावचा पेंटर. परदेशी इंजिन गावात आले आणि गावाने ते आपलेसे केले. निंबाखालच्या माणसाला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण तो इंजिन उतरवी, उघडी, समोर चादरीवर मांडी आणि पुन्हा जुळवी. कंपनीने त्याला शिकवले नव्हते, पण त्याच्यापासून लपवलेही नव्हते. हे शब्द वाचकांनी जरा ध्यानात ठेवावेत. माझे सारे भांडण त्यांच्यावर उभे आहे.

आता नव्या गाडीकडे येऊ, आणि तिचे जे देणे आहे ते आधी चुकते करू. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ चा नियम आला. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत पन्नासवरून दहावर आले. जड वाहनांच्या धुरातील विषारी वायू मारण्यासाठी युरियाचे पाणी वापरावे लागू लागले. जुना ट्रक पुढे गेला की मागच्या सायकलस्वाराचे तोंड काळे होई, हे ज्याला आठवते तो ह्या नियमाला नावे ठेवणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. वैशाखात आमच्या वणी-पांढरकवड्याच्या सडकेवर कोळशाच्या ट्रकात तासभर बसून या आणि मग सांगा, ही चैन आहे की माणुसकी. किल्लीचेही तसेच. नव्या किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी एक चिप असते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला साद जाते, ती आपला संकेत सांगते, गाडीतला संगणक तो ताडून पाहतो आणि जुळला तरच इंजिनाला इंधन देतो. चोराने तारा जोडल्या तर सेल्फ फिरेल, पण गाडी चालणार नाही. अमेरिकेत काही कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत ही चिप बसवलीच नाही. तेव्हा २०२१ नंतर त्या गाड्या पोरासोरांनी इतक्या चोरल्या की कंपन्यांना पळापळ करावी लागली. म्हणजे चिप उपयोगाची आहे. मी तिचा शत्रू नाही.

मग माझे भांडण कशाशी? ते सांगण्यासाठी मागल्या मार्गशीर्षातली एक रात्र सांगतो.

करंजीच्या अलीकडे एक मालवाहू पिकअप सडकेच्या कडेला उभी राहिली. तीत दोन घरचा मिळून पंधरा-सोळा क्विंटल कापूस. त्यातले एक घर माझ्या शेजाऱ्याचे. म्हणून मीही मागून दुचाकीवर निघालो होतो. चालक चहाला उतरला होता. परत येऊन किल्ली फिरवतो तो गाडी सुरू होईना. माझ्या त्या मेकॅनिक विद्यार्थ्याला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. त्याने बॅटरी पाहिली, डिझेल पाहिले, फिल्टर पाहिला, फ्यूज पाहिले. मग चालकाच्या जागेवर बसून त्याने डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या किल्लीच्या लहानशा चित्राकडे बोट दाखवले.

"गुरुजी, डिझल हाय, बॅटरी टंच हाय, सेल्फ फिरते. पण गाडी चाबीले ओयखतच नाई."

"मग ओळख करून दे की, लेका."

"ते माह्या हाती नाई. त्याचा कोड कंपनीच्या लॅपटॉपात हाय. चाबी तं आपल्या खिशात हाय, गुरुजी. कुलूप कंपनीच्या घरी हाय."

कंपनीला फोन केला. माणूस मोठ्या शहरातून यावयाचा. उद्या येतो म्हणाला. उद्याचा परवा झाला. दरम्यान रात्री आभाळ भरून आले आणि अवकाळी पाऊस पडला. ताडपत्री होती; पण कापसाच्या गाडीवरची ताडपत्री किती झाकणार? शेजाऱ्याची बायको, जिने तो कापूस पहाटे दव असताना उठून वेचला होता, ती दुसऱ्या दिवशी गाडीपाशी येऊन ओले बोंड हातात घेऊन उभी राहिली. ती कुणाला काही बोलली नाही. मला तिच्याकडे पाहवले नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर खुपसली, लॅपटॉपवर काही बटणे दाबली, नव्या किल्लीची गाडीशी ओळख करून दिली. मी घड्याळ पाहत होतो. दहा मिनिटेही लागली नाहीत. गाडी सुरू झाली. किल्लीचे, येण्याजाण्याचे आणि त्या दहा मिनिटांचे बिल पिकअपच्या मालकाने भरले. ओल्या कापसाचा भाव व्यापाऱ्याने पाडला, तो शेतकऱ्याने सोसला. कंपनीचे काहीच गेले नाही. आणि माझा विद्यार्थी, जो सबंध इंजिन उतरवून जुळवू शकतो, तो सबंध वेळ हात बांधून उभा होता.

ते हात बांधलेले चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी शिकलेला बेताचाच. पण पुष्कळ वर्षे मुलांपुढे उभा राहिलो आहे. शिक्षकाचा एकच धर्म मला ठाऊक आहे: जे बंद आहे ते उघडून दाखवणे. मी ह्या पोराला सांगितले होते, "शीक, हातात विद्या असली की कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही." तो शिकला, आणि तरी सडकेवर कुणाची तरी वाट पाहत उभा राहिला. त्याचे ज्ञान कमी पडले असते तर मी त्याला आणखी शीक म्हटले असते. त्याचे ज्ञान कमी पडले नव्हते. दार बाहेरून कुणी तरी लावून घेतले होते.

यावर दुकानातले गुळगुळीत गृहस्थ काय म्हणतात ते मला पाठ आहे. ते म्हणतात, "साहेब, आता गाड्या फार गुंतागुंतीच्या झाल्या. सडकेवरच्या मिस्त्रीने त्यांत हात घालणे धोक्याचे. तुमच्या सुरक्षिततेसाठीच आम्ही त्या बंद ठेवतो." हा युक्तिवाद ऐकावयास फार गोड आहे. तेव्हा बंद ठेवण्याने सुरक्षितता कशी वाढते ते एका खऱ्या प्रकरणावरून पाहू, आणि प्रकरणही किल्लीच्या स्विचचेच आहे.

जनरल मोटर्स ही अमेरिकेतील बलाढ्य कंपनी. तिच्या काही लहान गाड्यांत किल्लीचा जो स्विच होता, त्याच्या आतली स्प्रिंग असावी तितकी घट्ट नव्हती. कंपनीच्या मापाला उतरत नसताना तो २००२ साली मंजूर झाला. परिणाम असा की जड जुडगा किल्लीला लटकत असला किंवा गाडीला धक्का बसला, तर चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागे फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि टक्कर झालीच तर एअरबॅग उघडत नसे. २००६ च्या सुमारास तो स्विच गुपचूप सुधारण्यात आला. पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. म्हणजे जुना वाईट आणि नवा चांगला हे बाहेरच्या कुणाला ओळखताच येऊ नये! गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ साली. सुमारे २६ लाख. ह्या दोषापायी १२४ माणसे मेल्याचे भरपाईच्या वेळी मान्य झाले आणि २०१५ साली कंपनीने सरकारकडे ९० कोटी डॉलर भरले.

हे उघडकीस कसे आले? कंपनीच्या काचेच्या प्रयोगशाळेत नव्हे. एका मृत तरुणीच्या आईबापांनी दावा लावला, त्यांच्या वकिलाने फ्लॉरिडातल्या एका अभियंत्याला कामाला लावले. त्याने एक जुना स्विच घेतला, दुकानातून एक नवा विकत घेतला, दोन्ही उघडले आणि शेजारी शेजारी ठेवून मोजले. नव्यातली दट्ट्याची लांबी दीड मिलिमीटरहून थोडी अधिक भरली. बस्स. निंबाखाली चादर पसरून मोठेबाबा जे करीत तेच त्याने केले. दोष जुन्या धाटणीच्या साध्या स्विचात होता, हे मी लपवीत नाही; जुने म्हणून ते चांगले असे मी म्हणतच नाही. मी एवढेच म्हणतो की तो स्विच उघडता आला म्हणून सत्य बाहेर आले. तो उघडता येत नसता, तर कंपनीची बारा वर्षांची गुळणी आणखी किती वर्षे टिकली असती? सुरक्षितता बंद पेटीत राहत नाही, गुरुजनहो. बंद पेटीत राहते ती चूक.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देता यावयाची नाही. आपल्याच देशात २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप काय? तर सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्यांनी बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत. आयोगाने ती खुल्या बाजारात द्यावीत असा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' ठरवण्यासाठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ निघाले. शेतीची अवजारे आणि मोटारी ही दोन्ही क्षेत्रे त्यात आहेत. चांगले झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ सालीच मोटारींच्या दुरुस्तीचा कायदा झाला. कोलोराडोत २०२३ साली शेतकऱ्यांना आपला ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने मिळाला. तिथला शेतकरी हजार एकरांचा धनी, तरी त्याला तो हक्क भांडून घ्यावा लागला. आमचा चार एकरवाला न भांडता तो मिळवील काय?

आणि आमच्या जिल्ह्याला तरी हे नव्याने समजावून सांगावयास नको. आमच्या आजीच्या कणगीत घरचे सरकीचे बियाणे असे. तेच पेरावयाचे, तेच राखावयाचे. २००२ साली बीटी कापूस आला, बोंडअळीपुरता त्याने सुरुवातीला आधारही दिला. पण संकरित बियाणे घरी राखून चालत नाही. दर मृगाला पाकीट विकत घ्यावे लागते. जमीन आपली, बैल आपले, घाम आपला आणि बीज दुसऱ्याचे. ह्याचा हिशेब यवतमाळात मला कुणाला शिकवावा लागणार नाही. आता गाडी आपली, कर्ज आपले, डिझेल आपले आणि किल्लीतला संकेत दुसऱ्याचा! एकदा ठेच लागली तिथेच दुसऱ्यांदा पाय घालावा, हे शहाण्याचे लक्षण नव्हे.

नुसते रडगाणे गाऊन उठणे मला पसंत नाही. माझे मागणे तीन ओळींत मावते. गाडीचा दोष वाचण्याचे साधन आणि त्याची माहिती, रास्त किमतीत, कोणत्याही मिस्त्रीला मिळाली पाहिजे. नवी किल्ली गाडीला ओळखू देण्याचा अधिकार मालकाच्या कागदपत्रांबरोबर मालकाला मिळाला पाहिजे. चोराची भीती असेल तर पोलिसांचा दाखला मागा, ओळखपत्र मागा, पण तालुक्याच्या गावी ते काम होऊ द्या. आणि आयटीआयच्या पोराच्या हाती पान्याबरोबर स्कॅनर दिला पाहिजे, नाहीतर आपण त्याला कालची विद्या शिकवून उद्याच्या दारात उपाशी उभे करीत आहोत.

आता घरातल्या मंडळींना एक शब्द. पाडव्याला तुम्ही गाडी घ्यावयास जाल तेव्हा रंग पाहाल, आसने पाहाल, गाणी कशी वाजतात ते पाहाल. जरूर पाहा. सणाच्या दिवशी हौस करू नये तर केव्हा करावी? पण हार घालण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. दुसरी किल्ली कुठे आहे? ती हरवली तर नवी कुठे, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल? आणि माझ्या गावचा मिस्त्री ह्या गाडीचा दोष वाचू शकेल काय? पहिल्याचे उत्तर तो हसून देईल. दुसऱ्याला जरा थांबेल. तिसऱ्याला साहेबांना बोलावील. बोलावू द्या. एका गिऱ्हाइकाने विचारले तर त्याला विक्षिप्त म्हणतात. शंभरांनी विचारले तर त्याला बाजार म्हणतात, आणि बाजारापुढे कंपनी नमते.

माझ्या विद्यार्थ्याने ह्या महिन्यात उसनवारी करून एक स्कॅनर घेतला आहे. तो बऱ्याच गाड्यांचे दोष वाचतो. काही गाड्या मात्र त्याला अजून तोंड उघडून दाखवीत नाहीत. परवा तो घेऊन तो माझ्याकडे आला आणि संकोचाने म्हणाला, "गुरुजी, खंडेनवमी तं गेली. पण लक्ष्मीपूजनाले हा ठेवला तं चालन का?"

मी म्हटले, ठेव. चोपड्यांच्या शेजारी ठेव. लक्ष्मी त्याच्याच घरी राहते ज्याला आपले कुलूप आपण उघडता येते.

तेव्हा येत्या लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर मोठ्याबाबांचे हँडलही असेल आणि त्या पोराचा स्कॅनरही. एकाने आमच्या घरातले एक मनगट मोडले. दुसऱ्याच्या हप्त्यापायी एका पोराची झोप मोडली आहे. तरी दोन्हींना हळदकुंकू लागेल, कारण दोन्ही आमच्या हातात आहेत.